चिनी माणूस सडपातळ म्हणून निरोगी, हा समज घातक आहे

मराठी घरांतील व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा : चिनी लोक दिवसभर भात खातात तरी सडपातळ राहतात, कारण ते जेवणाबरोबर गरम पाणी आणि ग्रीन टी पितात, थंड पाण्याने पोटातले तेल गोठते आणि त्याची चरबी होते, म्हणूनच चीनमध्ये लठ्ठपणा, मधुमेह आणि रक्तदाब जवळजवळ नाहीत, आणि ज्याचे वजन वाढलेले नाही, त्याने तपासण्यांच्या आणि गोळ्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही. हा संदेश माझ्या मावशीपर्यंत पोहोचला. मावशी अंगाने बारीक आहे, तिला बऱ्याच वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि ती गोळी तिने कोणालाही न विचारता बंद केली. त्यामुळे या संदेशाकडे काणाडोळा करणे मला आता शक्य नाही.

चीनमध्ये हे आजार नाहीत, या विधानाला कसलाही आधार नाही. २०१० साली चीनमध्ये ९८ हजारांहून अधिक प्रौढांची रक्ततपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार ११.६ टक्के प्रौढांना मधुमेह होता आणि जवळपास निम्मे लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. ज्यांना मधुमेह होता, त्यांतील जेमतेम ३० टक्क्यांना तो असल्याचे माहीत होते, म्हणजे उरलेले स्वतःला निरोगीच समजत होते. १९८० च्या सुमारास चीनमध्ये मधुमेहाचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते, हे खरे आहे. संदेश लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा तोच जुना, सायकलवरून फिरणारा चीन असावा. चीन सरकारच्या २०२० च्या पोषणविषयक अहवालाने मात्र निम्म्याहून अधिक प्रौढांचे वजन प्रमाणाबाहेर असल्याचे नोंदवले आहे. रक्तदाबाचे तर विचारायलाच नको : तेथील जेवणात मीठ भरपूर असते, आणि मृत्यूच्या कारणांत पक्षाघात अगदी वरच्या स्थानी आहे.

आता सर्वांत घातक मुद्द्याकडे येतो, तो म्हणजे ‘वजन कमी, तर चिंता नाही’. कमरेचा वाढलेला घेर, वाढलेले ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी), कमी झालेले एचडीएल म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, १३०/८५ किंवा त्याहून अधिक रक्तदाब आणि उपाशीपोटी रक्तात १०० किंवा त्याहून अधिक साखर, या पाचांपैकी तीन गोष्टी एकत्र आढळल्या की डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे चयापचयाचा बिघाड, म्हणतात. या पाचांत वजनकाट्यावरचा आकडा कोठेही नाही. लठ्ठपणाशी या विकाराचा संबंध घट्ट आहे, परंतु तो मुख्यतः पोटाच्या आत, यकृताच्या आणि आतड्यांच्या भोवती साठणाऱ्या चरबीतून येतो. ही चरबी स्निग्ध आम्ले थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात सोडत राहते, यकृत आणि स्नायू इन्सुलिनला, म्हणजे रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, दाद देईनासे होतात, आणि स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्सुलिन तयार करावे लागते. चिनी लोकांत समान बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) असलेल्या युरोपीय माणसापेक्षा शरीरातील चरबीचे प्रमाण सरासरीने अधिक असते, आणि इन्सुलिन वाढवून देण्याची स्वादुपिंडाची क्षमताही लवकर थकते. त्यामुळे गोऱ्या माणसात जो बिघाड बऱ्याच वाढलेल्या वजनावर दिसतो, तो चिनी माणसात कितीतरी कमी वजनावर सुरू होतो.

हे माझे तर्कट नाही. चीनच्या तज्ज्ञांनी याच कारणासाठी स्वतःच्या मर्यादा खाली आणल्या : जगभर बीएमआय २५ ला जास्त वजन आणि ३० ला लठ्ठपणा मानतात, तेथे अनुक्रमे २४ आणि २८ मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध होण्याची शिफारस केली, आणि आपल्याकडचे डॉक्टरही भारतीयांसाठी २३ आणि २५ हेच आकडे धरतात. म्हणजे चिनी माणसाच्या उदाहरणातून मराठी माणसाने काही घ्यायचेच असेल, तर ते नेमके उलट आहे : आपण दोघेही अशा शरीरांचे धनी आहोत, की हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेले असताना बाहेरून कोणालाही आजार दिसत नाही.

ज्यांना आणखी पुरावा हवा आहे, त्यांनी ईशान्य चीनमधील दाचिंग या तेलनगरीतील अभ्यास पाहावा. १९८६ मध्ये तेथील ३३ दवाखान्यांतून एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करून, ज्यांची साखर बिघडू लागली होती पण ज्यांना अजून मधुमेह झाला नव्हता, असे ५७७ जण निवडले गेले. काही दवाखान्यांत आहार बदलण्यावर, काहींत व्यायामावर, काहींत दोहोंवर भर दिला गेला, आणि उरलेल्या दवाखान्यांतील लोकांना नेहमीचा सल्ला मिळाला. सहा वर्षांनी नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्यांपैकी सुमारे ६८ टक्के लोकांना मधुमेह झाला होता. आहार-व्यायामाच्या गटांत हे प्रमाण ४१ ते ४६ टक्क्यांच्या दरम्यान राहिले. या ५७७ जणांत बीएमआय २५ पेक्षा कमी असलेले सडपातळ लोकही पुष्कळ होते, त्यांनाही मधुमेह झाला, आणि आहार-व्यायामाचा लाभ सडपातळांना आणि स्थूलांना सारख्याच प्रमाणात मिळाला. सडपातळ असणे हेच संरक्षण असते, तर हे घडलेच नसते.

थंड पाण्याच्या मुद्द्यावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. पोटात गेलेले पाणी थोड्याच वेळात शरीराच्या तापमानाला येते. तेलाचे पचन पित्तरस आणि स्वादुपिंडाच्या रसाने होते, आणि अंगावरची चरबी ही खाल्लेले तेल गोठून नव्हे, तर गरजेपेक्षा जास्त मिळालेल्या ऊर्जेतून साठते. भाताबद्दलचे विधानही चुकीचे आहे. उत्तर चीनमध्ये गव्हाच्या शेवया आणि वाफवलेले पाव हे रोजचे अन्न आहे, आणि शांघायमधील हजारो स्त्रियांच्या पाहणीत जास्त भात खाणाऱ्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाण स्पष्टपणे जास्त आढळले होते.

चहाबाबत मात्र थोडे मान्य करावे लागेल. बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा हा आपल्या दोन चमचे साखरेच्या चहापेक्षा आणि शीतपेयांच्या बाटलीपेक्षा निश्चितच बरा. अमेरिकेच्या तुलनेत चीनमध्ये अतिस्थूल माणसे कमी आहेत, हेही खरे. परंतु साखर टाळल्याचा फायदा हा चहाच्या पानाचा चमत्कार नव्हे, आणि कोणताही चहा रक्तदाबाच्या गोळीची जागा घेऊ शकत नाही. ती गोळी मनाने बंद केली की रक्तदाब पुन्हा चढतो, बहुतेकांना त्याची कोणतीही जाणीव होत नाही, आणि कधीकधी पहिली जाणीव पक्षाघाताचीच असते. संदेश पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य दोनदा वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दाचिंगच्या आहार-व्यायामाच्या गटांतील लोकांना गरम पाण्याचा उपाय सांगितलेला नव्हता. त्यांना भाज्या वाढवण्यास, साखर आणि दारू कमी करण्यास, जास्त वजन असलेल्यांना ते हळूहळू उतरवण्यास आणि रोजच्या हालचालीत अर्ध्या तासाच्या संथ किंवा वीस मिनिटांच्या भरभर चालण्याएवढी भर घालण्यास सांगितले होते. त्याचा परिणाम तीस वर्षांनंतरही मोजता आला : नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्यांपेक्षा या लोकांना मधुमेह सरासरी चार वर्षे उशिरा झाला, आणि त्यांच्यात हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण सुमारे एकचतुर्थांशाने कमी राहिले.

तपासणीची गरज कोणाला आहे, हे ठरवण्यासाठी वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक उपयोगी आहे. उभे राहून, श्वास सहज सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध घेर मोजावा. भारतीय पुरुषात तो ९० सेंटिमीटर आणि स्त्रीत ८० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक भरला, तर वजन कितीही असो, उपाशीपोटी साखर, लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी) आणि रक्तदाब तपासून घ्यावा. घेर कमी असला तरी चाळिशी उलटलेल्यांनी आणि ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांनी ही तपासणी टाळू नये. आणि ज्यांची गोळी चालू आहे, त्यांनी ती कमी करायची की बंद करायची, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.