जुना कीबोर्ड, सत्तर रुपये

पावती अजून पाकिटात आहे. चारदा वाटलं फाडून टाकावी, नाही फाडली. राग ताजा ठेवायला माणसाजवळ काहीतरी कागद लागतो. निळ्या पेनानं लिहिलंय, "जुना कीबोर्ड रिपेरिंग, ७०/-". तीन शब्द आहेत आणि त्यातला फक्त 'जुना' बरोबर आहे.

तो कीबोर्ड नाही, कॉम्प्युटर आहे. झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस, ४८ के. त्या काळात घरगुती कॉम्प्युटर बहुतेक असाच यायचा, कीबोर्डच्याच पोटात सगळं, आणि पडदा म्हणून घरचा टीव्ही. मूळचा इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीचा, पण आपल्याकडं १९८६ पासून हैदराबादची डेसिबेल्स नावाची कंपनी लायसन घेऊन तो विकायची. म्हणजे बघा, आपण मराठवाडावाले १९४८ ला हैदराबादच्या निजामाकडून एवढा जीव तोडून सुटलो आणि आयुष्यातला पहिला कॉम्प्युटर बघितला तो हैदराबादेचाच. मी बघितला १९८८ ला, आठवीत असताना, गल्लीतल्या डॉक्टरांच्या पोराकडं. बघितला म्हणजे खिडकीतूनच जास्त. आत घेतलं तरी तो मला फक्त एंटर दाबू द्यायचा, तेबी त्यानं "दाब" म्हणल्यावर. सदतीस वर्षं ते एंटर मनात राहिलं आणि पन्नाशीत मी तीच मशीन साडेसहा हजाराला घेतली, बंद पडलेली. विकणाऱ्यानं लिहिलं होतं "शोकेससाठी उत्तम". तिथंच कळायला पाहिजे होतं.

आता रिपेरिंगबद्दल. या मशीनला ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि त्याची मधली पिन निगेटिव्ह असते, बाकी जगाच्या बहुतेक अडॅप्टरची पॉझिटिव्ह असते. आधीच्या मालकानं पिन बसली म्हणजे अडॅप्टर बसला असं समजून कुठला तरी घुसवला असणार, कारण मी उघडलं तेव्हा टीआर फोर नावाचा मुगाच्या डाळीएवढा ट्रान्झिस्टर गेलेला होता. तो गेला की उणे ५ व्होल्ट जातात, आणि खालच्या मेमरीच्या ज्या ४११६ नंबरच्या आठ चिपा आहेत त्यांना अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात, जावयासारखं, तिन्ही वेळेवर. उणे ५ नसताना १२ मिळत राहिलं की त्या तापतात आणि मरतात. मेलेली शोधायची सोपी पद्धत म्हणजे बोट लावायचं. जी चटका देते ती गेली. मला पाचवीनं आणि सातवीनं चटका दिला, फोडाचा डाग अजून दिसतो, कुणाला पाहिजे तर दाखवतो. कुणी म्हणत नाही.

दोन चिपांसाठी दहा मागवल्या आणि दहातल्या चार डुप्लिकेट निघाल्या, जुनं नाव घासून वर नवं छापलेलं. नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवला की छापलेलं नाव बोळ्यावर. (रिमूव्हर लेकीचा. त्यावरून घरात झालं ते वेगळं.) मग कपॅसिटर बदलले, मग कीबोर्डखालची प्लास्टिकची पट्टी सॉकेटमधे घालताना उडदाच्या पापडासारखी मोडली, ती परत मागवली. दोन महिन्यांचे सगळे रविवार यात गेले. बायको म्हणते अडगळ झाली. अडगळ! एप्रिल २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा घेतलेले सात ड्रम आमच्या गच्चीवर अजून उभे आहेत, त्यातल्या दोनांना तर बूड नाही, ते अडगळ नाहीत. माझी दीड वीत मशीन अडगळ. असो.

तर मशीन झाली, आता लावून बघायची कशावर. घरच्या एलईडीवर मला बंदी आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही ती जुन्या डब्बा टीव्हीवरच बघायची होती. म्हणून गंजगोलाईच्या मागं एक टीव्ही रिपेरिंगचं दुकान आहे तिथं गेलो. दुकानात भिंतीला टेकवलेले फुटके एलईडी पॅनल, आणि कोपऱ्यात एक चौदा इंची डब्बा, त्यावर मालकाचा जेवणाचा डबा ठेवलेला. मालकाला म्हणलं, भाऊ, दहा मिनिटं हा टीव्ही वापरू द्या, बाकी सगळं मी करतो. तो म्हणला, करा की. हे "करा की" नीट लक्षात ठेवा.

आणि दुकानातल्या बाकड्यावर बप्पा होते.

बप्पा म्हणजे कोण, मला माहीत नाही. मालकाचे नातेवाईक नव्हते, गिऱ्हाईक नव्हते, त्यांचा टीव्ही तिथं नव्हता. धोतर, टोपी, मांडीवर पिशवी, पिशवीत कोथिंबीर. बसची वाट बघत असावेत पण बसस्टँड तिथून लांब आहे. मी पिशवीतून मशीन काढली की ते पुढं सरकले.

"काय आणलाव? पेटी का?"

"पेटी नाही बप्पा. कॉम्प्युटर आहे."

"आन् याचा टीव्ही?"

"याला टीव्ही नसतो, दुसऱ्याचा लावायचा."

"म्हंजी नवरदेव तुमचा आन् घोडी गावाची."

मालक हसला. तोवर शेजारच्या मोबाईल कव्हरवाल्याचं पोरगंही येऊन उभं राहिलं. मी स्क्रू पिळत राहिलो.

"मेमरी किती हाय?" बप्पांनी विचारलं. चकित झालो. लातुरात अशानं चकित व्हायचं नसतं खरं म्हणजे, इथं कोथिंबिरीच्या पिशवीवालाही मेडिकलच्या नीट परीक्षेचा कटऑफ तोंडपाठ सांगतो, कारण कुणाचा ना कुणाचा नातू इथं क्लासला असतोच. बप्पांचाही होता आणि त्याला घेऊन दिलेल्या मोबाईलला १२८ जीबी होते.

"४८," मी म्हणलं.

"बरी हाय की. ४८ जीबी."

"केबी."

"काय केबी?"

"जीबी नाही बप्पा. केबी. जीबीच्या खाली एमबी असतं, त्याच्या खाली केबी."

बप्पांनी हे मनातल्या मनात मांडून बघितलं. "म्हंजी जिल्हा, मग तालुका, मग हे गाव."

"हां."

"आन् ४८ गावं. एवढी तर एका तालुक्यातच असत्यात की!"

बप्पांनी काढलेलं गणित मी आजवर कॉम्प्युटरच्या पुस्तकात वाचलेल्या कुठल्याही स्पष्टीकरणापेक्षा चांगलं होतं, हे मला त्या क्षणी अजिबात मान्य करायचं नव्हतं. मी सांगितलं की तुम्हाला सकाळी मोबाईलवर शुभ सकाळ म्हणून गुलाबाचं फूल येतं ना, ते एक फूलसुद्धा यात मावणार नाही.

"मग चांगलंय," बप्पा म्हणले, आणि थांबून, "कितीला पडलं?"

हा प्रश्न येणार माहीत होतं. खोटं बोलायचं ठरवूनच गेलो होतो, बाराशे सांगायचे. पण तोंडातून साडेसहा हजार गेलं.

बप्पांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी घातली. "साडेसहा हजार. यात उस्मानाबादीचं एक करडू येतंय. पाट. ती मोठी हुती, येती, दोन दोन पिल्लं देती. दूध देती. लेंड्याचं खत हुतंय. हे काय देतंय?"

आता सांगा काय उत्तर देणार. मी म्हणलं यात गेम खेळता येतात. म्हणल्या म्हणल्या कळलं चूक झाली, कव्हरवाल्या पोरानं तोंड फिरवलं. म्हणलं हे यंत्र ज्या काळातलं आहे तेव्हा लोक यावर प्रोग्राम लिहायला शिकले, याचा प्रोसेसर साडेतीन मेगाहर्ट्झचा आहे, झेड ८० म्हणतात त्याला, तेवढ्यावर माणसं रंगीत गेम बनवायची, आणि अशा मशीन फेकल्या तर परत कुणी बनवणार नाही. हे बोलताना माझा आवाज जरा चढला होता. कारण मला राग यायला लागला होता आणि तो बप्पांवर नव्हता, किंवा थोडा होता. ज्या दुकानात मी उभा होतो त्याच दुकानात एकेकाळी माणसं मीटर घेऊन बोर्डावरचा एक एक रेझिस्टर तपासायची, आणि आता मालकाला मी डाग द्यायचं बारीक टोकाचं बिट मागितलं तर तो म्हणतो, आता कोण डाग देतंय सर, बोर्डच बदलायचा. भिंतीला टेकलेले वीस पॅनल एका एका चिपेपायी भंगारात चाललेत आणि शोकेसवाला येडा मी.

बप्पा म्हणले, "चढू नका मास्तर. लावा, बघू."

मी मास्तर नाही. सांगितलं नाही.

टीव्हीवरचा डबा खाली उतरवला, अँटेनाच्या भोकात वायर घातली, मशीनला माझा स्वतःचा, दोनदा मीटर लावून तपासलेला अडॅप्टर जोडला. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. हा सिग्नल यूएचएफच्या ३६ नंबर चॅनलवर येतो, ते शोधायला पुढच्या झाकणामागं बारकी चाकं असतात, ती नखानं फिरवायची. फिरवत होतो, फिरवत होतो, बप्पा "मागं गेलं, मागं घ्या" असं ट्रॅक्टर लावल्यासारखं सांगायले होते, आणि मग एकदम मुंग्या गेल्या. पांढरा पडदा, आणि खाली काळ्या अक्षरात एक ओळ. सिंक्लेअर रिसर्च, १९८२.

दोन महिने. दोन फोड. मला खरंच गळ्यात काहीतरी आलं.

"संपलं?" कव्हरवाला पोरगा म्हणला आणि गेला.

बप्पा मात्र ओळ वाचत होते. "८२ चं हाय व्हय. ८२ ला माझं लगीन झालं. अजून एकदाबी उघडावं लागलं नाही."

आता नुसत्या ओळीवर सोडलं तर इज्जत जाते म्हणून मी गेम लोड करायचं ठरवलं. पूर्वी टेपरेकॉर्डरवरून कॅसेटनं करायचे, मी मोबाईलमधला आवाज फुल करून तीच वायर मशीनच्या कानात घालतो. 'जे' दाबलं की पडद्यावर अख्खं लोड उमटतं, एकेका बटणावर एकेक शब्द बसवलेला आहे, हे मी बप्पांना दाखवलं आणि पहिल्यांदा त्यांनी "आँ?" असं केलं, त्या "आँ"साठी मी त्यांना जवळपास माफ केलं होतं. मग सुरू झालं. आधी लांब शिट्टी आणि पडद्याच्या कडेला लाल-निळसर जाड पट्टे, मग किर्रर्र किर्रर्र आणि निळे-पिवळे बारीक पट्टे सळसळायले. ते मशीनला मुकाट्यानंही ऐकवता येतं, पण बप्पांना ऐकायचं होतं म्हणून मी स्पीकरची जोडणी केली होती, माझीच हौस. समोरचा पिठाच्या गिरणीवाला बाहेर येऊन बघून गेला. बप्पांनी एक कान झाकला, दुसरा उघडा ठेवला.

"किती वेळ?"

"चार-पाच मिनिटं."

"एवढ्यात शेळीची धार निघती."

चार मिनिटं झाली. पडद्यावर चित्र कधीच ओळी-ओळीनं उतरून रंगही भरून झाले होते, बप्पा कोथिंबीर बाजूला ठेवून उभे राहिले होते, मालकानं फोनवर कुणाला तरी "नंतर करतो" म्हणलं, आणि माझा मोबाईल वाजला. त्याच मोबाईलमधून गेम जात होता. विमान मोड मी टाकला नव्हता. बायकोची रिंगटोन, भरल्या आवाजात, सरळ मशीनच्या कानात.

आर टेप लोडिंग एरर.

उचलला. "येताना कढीपत्ता आणा."

परत लोड लावलं. दोन मिनिटं झाली आणि लाईट गेली. दुकान, गिरणी, अख्खी गल्ली. बप्पा अंधारात म्हणले, "तुमच्यामुळं नाही गेली, जातीच या टायमाला," आणि ते कोथिंबीर उचलून निघाले. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला, तो का ते मला अजून कळलेलं नाही. बरं वाटावं म्हणून ठेवला असेल तर बरं वाटलं नाही.

मी आवराआवर केली, मालकाला म्हणलं, धन्यवाद भाऊ, येतो. त्यानं पावतीपुस्तक काढलं.

"कशाचे?"

"रिपेरिंगचे. ७०."

"अहो रिपेरिंग मी केलंय. घरी. दोन महिने."

"टीव्ही माझा का नाही? लाईट माझी का नाही? बप्पाला दोनदा चहा सांगितला तो कुणाच्या खात्यावर?"

मी म्हणलं लाईट तर नाहीये. तो म्हणला, व्हती तवाची. मी म्हणलं निदान कीबोर्ड तरी लिहू नका, कॉम्प्युटर लिहा. तर तो शांतपणे म्हणला की कॉम्प्युटर लिहिलं तर १५० लावावे लागतील, कॉम्प्युटरचा रेट तो आहे.

दिले सत्तर.

घरी आलो, पावती टेबलावर ठेवली, ती लेकीनं वाचली. "पप्पा, कीबोर्ड नीट झाला? मग माझ्या कॉम्प्युटरला लावा ना, माझं ई बटण अडकतंय." मी तिला समजावायला तोंड उघडलं, केबी, गावं, तालुका, एवढ्यात आतून आवाज आला.

"कढीपत्ता कुठंय?"