बालगृहात वाढलेली मुलगी गुन्हेगार नसते

ऐरोलीच्या माझ्या काकूने एका मुलीला खोली भाड्याने द्यायचं जवळजवळ नक्की केलं होतं. मुलगी एकोणीस वर्षांची, बालगृहात वाढलेली, महापेला नुकतीच नोकरीला लागलेली. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि काकूचा मला फोन: "अगं, रिमांड होमची पोर आहे ती. नको बाई."

हा मेसेज ठाण्यातही फिरतोय. त्यात म्हटलंय की बालगृहात गुन्हे केलेली मुलं असतात, अठरा पूर्ण झाल्यावर सरकार त्यांना घर-नोकरी सगळं देतं, संस्था त्यांच्या नावावर पैसा करतात आणि बाहेर पडलेल्या मुलांसाठी संघटना काढणं हे परदेशी खूळ आहे. सोबत एका संस्थेतल्या मुलींचा फोटो.

पहिला दावा धडधडीत खोटा आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतंय. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात दोन वाटा स्पष्ट वेगळ्या आहेत. कायद्याशी संघर्षात आलेलं मूल बाल न्याय मंडळापुढे जातं आणि चौकशी चालू असताना त्याला ठेवायची वेळ आली, तर निरीक्षणगृहात, म्हणजे लोक ज्याला रिमांड होम म्हणतात तिथे राहतं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल बालकल्याण समितीपुढे जातं, तिथून गरज असेल तर बालगृहात. ठाणे स्टेशनवर एकटं सापडलेलं मूल, बालमजुरीतून सोडवलेला मुलगा, लग्न लावून देत होते म्हणून पळून आलेली मुलगी, आई आजारी आणि घरात दुसरं कोणी नाही असं भावंड, ही बालगृहातली मुलं. यांनी कोणता गुन्हा केला? आणि ज्याच्या हातून लहानपणी खरंच गुन्हा घडला, त्याला पुढे त्यामुळे अपात्र ठरवू नये, असंही हाच कायदा म्हणतो.

काकूकडे ती मुलगी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे कागद लावून आली होती. आधार कार्डावर पत्ता संस्थेचा. तो पत्ता आणि हा मेसेज, एवढ्यावर काकूने तिला नाही म्हणून सांगितलं. नोकरीची ऑर्डर त्याच फोल्डरमध्ये होती. ती कोणी वाचली नाही.

सरकार सगळं देतं म्हणे! कायद्याच्या ४६ व्या कलमात अठरा पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यांना आर्थिक मदतीची तरतूद आहे. हे अनुरक्षण, म्हणजे बाहेर पडल्यानंतरचा आधार, साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी रक्कम आहे महिना ४,००० रुपये. ऐरोलीत तेवढ्यात खोलीचं भाडं भागत नाही, डिपॉझिट तर दूरच. अनाथांना राज्यात २०१८ पासून एक टक्का आरक्षण आहे, हे खरं. पण ते जागांसाठीचं आरक्षण आहे, हातात ठेवलेली नोकरी नव्हे. शिवाय त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि आई किंवा वडील हयात असलेल्या मुलाला ते मिळत नाही. बालगृहात अशी मुलं भरपूर असतात.

संस्थांबद्दल एवढं मान्य करते की काही ठिकाणी गैरप्रकार झालेत आणि ते भयंकर होते. म्हणूनच प्रत्येक संस्थेला नोंदणी सक्तीची आहे. पण संस्थाचालकाने खाल्लं, त्याची शिक्षा तिथे वाढलेल्या मुलीला का?

राहिलं परदेशी खूळ. संस्थेत वाढलेल्या तरुणांनी स्वतः चालवलेल्या संघटना तिकडे आधी झाल्या, ब्रिटनमध्ये १९७९ ला आणि कॅनडात १९८५ ला, हे बरोबर. त्यांची मागणी काय होती? आमच्याबद्दल निर्णय घेता त्या बैठकीत आम्हालाही बसू द्या. यात खूळ कुठलं? आणि आपल्याकडेही हे काम नवीन नाही. मुंबईत अशा मुलांसाठी काम करणारी चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ पासून आहे. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत परिविक्षा व अनुरक्षण संघटना आहेत, त्या कोणी परदेशातून आणलेल्या नाहीत.

आता तो फोटो. अशा मुलांची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला याच बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्यांनी ज्यांनी तो पुढे ढकलला त्यांनी आजच काढून टाकावा. संस्थेबद्दल शंका असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा. ती मुलगी अजून खोली शोधतेय. ऐरोली, रबाळे, घणसोली, कुठेही चालेल.