पेट्रोडॉलरची मुदत संपली म्हणे!

पेट्रोडॉलर म्हणजे तेल विकून येणारे डॉलर. त्यावरून 2024 च्या जूनमध्ये एक मेसेज सगळीकडे फिरला आणि डॉलर जरा घसरला की तो अजूनही डोकं वर काढतो. मेसेज थोडक्यात असा: 1973 च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने सौदी अरेबियाशी 50 वर्षांचा गुप्त करार केला, सौदीने तेल फक्त डॉलरमध्ये विकायचं, बदल्यात अमेरिका सौदीला संरक्षण देणार. 9 जून 2024 ला करार संपला, सौदीने रिन्यू करायला नकार दिला, आता डॉलरचे दिवस भरले. वाचायला भारी वाटतं, अमेरिकेची जिरली म्हणून बऱ्याच जणांना बरंही वाटतं, पण यातलं एकेक वाक्य धरून बघितलं की फार काही उरत नाही.

पहिलं, "50 वर्षांचा करार".

8 जून 1974 ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर आणि सौदीचे राजपुत्र फहद यांनी सह्या केल्या हे खरंय. पण त्यातून निघाला तो आर्थिक सहकार्याचा संयुक्त आयोग, म्हणजे सौदीत उद्योग कसे उभे करायचे, माणसांना ट्रेनिंग कसं द्यायचं, शेती, विज्ञान वगैरे, आणि सोबत सौदीच्या लष्करी गरजा बघणारी वेगळी व्यवस्था. हा मजकूर कुठल्या तिजोरीत वगैरे नाही, तेव्हाच जाहीर झालेला. त्यात 50 वर्षांची मुदत नाही आणि तेल कुठल्या चलनात विकायचं यावर एक ओळ नाही. तो आयोग 2000 पर्यंत चालला आणि गुंडाळला गेला, म्हणजे 2024 मध्ये संपायला काही शिल्लकच नव्हतं. तारीखसुद्धा एका दिवसाने चुकलीय, पण ते सोडा.

दुसरं, "गुप्त डील होती". इथे मात्र थांबायला हवं, कारण हे सगळंच खोटं नाही, आणि मेसेज इतका पटतो तो यामुळेच.

ऑक्टोबर 1973 मध्ये इजिप्त-सीरिया विरुद्ध इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी उत्पादन कमी केलं, अमेरिकेला तेल बंद केलं, आणि जो भाव पिंपाला 3 डॉलरच्या आसपास होता तो जानेवारी 1974 पर्यंत 11 डॉलरच्या वर गेला. सौदीकडे पैशाचा पूर आला. तेवढा पैसा मुरवायला सौदीची स्वतःची अर्थव्यवस्था तेव्हा फारच लहान होती. इकडे अमेरिकेला सरकारी तूट भरायला कर्ज देणारं कुणीतरी हवं होतं. मग 1974 च्या जुलैमध्ये अमेरिकेचे अर्थमंत्री विल्यम सायमन जेद्दाला गेले आणि ठरलं असं की सौदीने तेलाचा पैसा अमेरिकेच्या सरकारी रोख्यांमध्ये घालायचा, म्हणजे अमेरिकन सरकारला कर्जाऊ द्यायचा, अमेरिकेने लष्करी मदत आणि शस्त्रं द्यायची. सौदीची अट एकच होती, आपण किती रोखे घेतले हे बाहेर येता कामा नये. म्हणून कित्येक वर्षं अमेरिकेच्या आकडेवारीत सौदीचं नाव वेगळं दिसायचंच नाही, बाकी तेलवाल्या देशांबरोबर एकाच ओळीत सगळं कोंबलेलं असायचं. 2016 मध्ये पत्रकारांनी माहिती अधिकारात अर्ज केला तेव्हा कुठे आकडा बाहेर आला: 116.8 अब्ज डॉलर.

तर गुप्तता होती, देवाणघेवाणही होती. पण ती पैसा साठवायचा कुठे याबद्दल होती, तेल कुठल्या चलनात विकायचं याबद्दल नव्हती. तेल डॉलरमध्ये विकण्यासाठी कुणाला कुणाचा हात पिरगाळायची गरजच नव्हती, कारण सौदीचं तेल काढणारी अरामको ही कंपनी अमेरिकन कंपन्यांनीच उभी केलेली होती आणि भाव डॉलरमध्ये लावायची पद्धत या सगळ्याच्या कितीतरी आधीपासूनची. आणि गंमत म्हणजे तो तथाकथित करार झाल्यावरसुद्धा 1974 संपेपर्यंत सौदी काही पैसे ब्रिटिश पौंडात घेतच होता. "फक्त डॉलर" असं सही करून दिलं असतं तर हे कसं चाललं असतं?

तिसरं, "आता सौदी कुठल्याही चलनात विकायला मोकळा". मोकळा तो आधीही होता. 1975 मध्ये तर ओपेकने, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेने, लिब्रव्हिलच्या बैठकीत भाव डॉलरऐवजी एसडीआरमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या काही चलनं मिळून बनवलेल्या हिशोबी एककात, लावायचं ठरवलंही होतं, अंमल झालाच नाही. डॉलर पुन्हा वर जायला लागला आणि उत्साह मावळला. 2023 च्या जानेवारीत दावोसला सौदीच्या अर्थमंत्र्यांनी उघड सांगितलं की दुसऱ्या चलनांवर बोलायला आमची हरकत नाही, तेव्हा तर मेसेजवाल्यांच्या हिशोबाने करार चालू होता ना? 2023 च्या ऑगस्टमध्ये भारताने अमिरातीकडून 10 लाख बॅरल तेल रुपयात घेतलं, आभाळ कोसळलं नाही.

खरा प्रश्न विक्रीनंतर सुरू होतो. आलेल्या पैशाचं करायचं काय? रशियाने भारताला भरपूर तेल विकलं आणि मे 2023 मध्ये रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव गोव्यात सांगून गेले की आमचे अब्जावधी रुपये भारतीय बँकांमध्ये पडून आहेत, वापरता येत नाहीत. सौदीचं दुखणं याहून मोठं आहे, कारण त्यांचा रियाल 1986 पासून 1 डॉलरला 3.75 या दराने बांधलेला आहे. हा दर सांभाळायचा तर गंगाजळीत, म्हणजे परकीय चलनाच्या सरकारी साठ्यात, डॉलर लागणारच, मग तेल चिनी युआनमध्ये विका नाहीतर रुपयात. हा मुद्दा मेसेजमध्ये कुठेच नाही, आणि माझ्या मते सगळ्या विषयातला हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

चौथं, "सद्दामने युरोत तेल विकलं म्हणून त्याला संपवलं". इराकने 2000 च्या शेवटी युरो घ्यायला सुरुवात केली आणि 2003 नंतर परत डॉलर आला हे खरं. पण तो पैसा सद्दामच्या हातात नव्हताच, संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालच्या खात्यात जायचा आणि ते खातं होतं एका फ्रेंच बँकेच्या न्यूयॉर्क शाखेत! यावरून डॉलर हादरला असता असं म्हणणं जरा जास्तच होतं. युद्धाची बाकी कारणं काढून भांडायचं तर ते वेगळं भांडण.

पाचवं, "डॉलरची ताकद म्हणजे तेल". 2022 मध्ये जगात रोज साधारण साडेसात लाख कोटी डॉलरचे चलनव्यवहार व्हायचे आणि त्यातल्या 88 टक्के व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता. हे सगळं तेलाच्या खरेदी-विक्रीतून येणं शक्यच नाही, कर्जं, रोखे, विमा, बाकीचा व्यापार, सगळं त्यात आलं.

आणि 1973 नंतर जे खरंच झालं ते मेसेज सांगतच नाही. तेलवाल्या देशांनी डॉलर न्यूयॉर्क-लंडनच्या बँकांत ठेवले, बँकांनी ते मेक्सिको, ब्राझील, अर्जेंटिना अशा देशांना बदलत्या व्याजावर वाटले, मग अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी महागाई मोडायला व्याजदर 20 टक्क्यांच्या आसपास नेले आणि ऑगस्ट 1982 मध्ये कर्ज फेडता येत नाही म्हणून मेक्सिकोने हात वर केले. लॅटिन अमेरिकेचं पुढचं अख्खं दशक त्यात गेलं. ठेवी ठेवणाऱ्या तेलवाल्यांचं त्यात काही बुडालं नाही, बँका कशाबशा वाचवल्या गेल्या, बिल भरलं कर्ज घेतलेल्या देशांतल्या लोकांनी. पण यात कुठला गुप्त कागद नाही, म्हणून हे फॉरवर्ड होत नाही.

शेवटचं, "डॉलर संपला". फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर पाश्चात्त्य देशांनी रशियाची जवळपास 300 अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली, त्याने बऱ्याच देशांच्या पोटात गोळा आला, आणि जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी 2022, 2023, 2024 तिन्ही वर्षी 1000 टनांहून जास्त सोनं घेतलं. हे खरं आणि गंभीर आहे. जगाच्या गंगाजळीत डॉलरचा वाटा 2000 च्या सुमाराला 70 टक्क्यांच्या वर होता, 2024 मध्ये तो 58 च्या आसपास आला. म्हणजे घसरण आहेच, पण ती पाव शतकभर हळूहळू चाललीय, एका रविवारी मुदत संपून झालेली नाही. त्यातही सुटलेला वाटा युआनने खाल्ला असं नाही, ऑस्ट्रेलियन डॉलर, कॅनेडियन डॉलर, कोरियन वॉन अशा छोट्या चलनांनी त्यातला बराचसा घेतला. युआन 2 टक्क्यांच्या आसपासच घुटमळतोय, कारण चीन आपला पैसा मोकळेपणाने आत-बाहेर जाऊ देत नाही, आणि हवा तेव्हा बाहेर काढता येईल याची खात्री नसेल तिथे सौदी आपली शिल्लक ठेवणार नाही.