शिवसागराच्या काठी आठ वॅट

बामणोलीला तंबू ठोकला की समोर शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, पसरलेला असतो. या पाण्याच्या जिवावर कोयनेची वीजघरं १,९६० मेगावॅटपर्यंत वीज काढू शकतात. मला रात्री लागते आठ वॅट, तीही घोरण्यावरच्या सीपॅप मशीनसाठी. म्हणजे हिशेबाने या एका तळ्यावर माझ्यासारखे साडेचोवीस कोटी घोरणारे निवांत झोपू शकतील. पण पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पलीकडे पोफळीला उतरतं, वीज तिकडे कोकणात होते, आणि अलीकडे आम्ही बॅटरी उशाशी घेऊन तिचा एकेक दिवा मोजत पडतो. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांचं रान उभं आहे. त्यातलीही एक तार आमच्या तंबूकडे वाकत नाही.

ज्यांना हे मशीन ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. झोपेत घसा सैल पडतो, श्वासाची वाट मिटते, माणूस गुदमरून अर्धवट जागा होतो आणि पुन्हा घोरू लागतो. रात्रभर हाच उद्योग. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली यावर उपाय मांडला, तो म्हणजे नाकावाटे हवेचा सतत दाब. सीपॅप मशीन तेच करतं. दाब मोजतात पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये. दहाचा दाब म्हणजे तांब्याच्या तळाला वरच्या पाण्याचा जेवढा भार, तेवढा. एवढ्याशा दाबासाठी घरातले लोक तुमच्याकडे अंतराळवीर बघावा तसे बघतात.

कॅम्पिंग ठरलं की पहिला सल्ला मेव्हण्याचा. “भावजी, दोन रात्रींनी काय होतंय? राहू द्या ते घरीच.” दोन रात्रींनी काय होतं ते शेजारच्या तंबूला विचारावं. त्यातून रश्शासोबत ‘बैठक’ बसणार असेल तर विचारूच नये. दारूने घसा आणखी सैल पडतो, आणि ज्या रात्री मशीनची गरज सगळ्यात जास्त, नेमकं त्याच रात्री ते साताऱ्यात कपाटावर असतं.

तर मशीन न्यायचं. मग प्रश्न बॅटरीचा, आणि इथे भलेभले घसरतात. मशीनच्या अडॅप्टरवर ९० वॅट छापलेलं असतं. ते वाचून माणूस घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी गाडीत टाकायला निघतो. ती पन्नास किलोच्या वर जाते, उचलायला दोन माणसं लागतात आणि आडवी झाली तर डिकीत ॲसिड सांडतं. पण ९० हा वरचा आकडा आहे. दहाच्या आसपास दाबाला नुसता पंखा सहा ते दहा वॅटवर चालतो. बाकीची वीज कुठे जाते? पाणी तापवायला! मशीनच्या टाकीत पेलाभर पाणी असतं, त्याखाली तवा असतो, आणि वर नळीतही तापणारी तार असते. रात्रभर आपण नाकाला वाफारा देत असतो. हे चालू ठेवलं तर एका रात्रीत ३०० वॅट-तास (वॅट गुणिले तास) सहज उडतात. बंद केलं तर साठ-सत्तरात भागतं. माझं तर स्पष्ट मत आहे की कॅम्पिंगमधली अर्धी बॅटरी माणसं चहासाठीसुद्धा तापवणार नाहीत अशा पाण्यावर घालवतात.

म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ह्युमिडिफायर (तोच पाणी तापवणारा तवा) बंद, नळीचं तापमान बंद, आणि जमलं तर तारेची नळी काढून साधी लावायची. मशीनला मोबाइलसारखं एअरप्लेन मोड असेल तर तेही चालू करावं, थोडं वाचतं. टाकी रिकामी ठेवावी, कारण तंबूतली जमीन कधीच सपाट नसते आणि कलंडलेलं पाणी थेट मशीनच्या मोटारीत जातं. नाक कोरडं पडलं तर सलाईनचे थेंब घालावेत. धरणाकाठच्या दमट हवेत त्याचीही फारशी गरज भासत नाही. मात्र बॅटरी वाचावी म्हणून दाब कमी करू नये. तो डॉक्टरांनी ठरवलेला असतो. पेट्रोल वाचवायला कुणी ब्रेक काढून ठेवत नाही.

आता इन्व्हर्टर नावाचा दुसरा खड्डा. बॅटरी बारा व्होल्टची, इन्व्हर्टर तिचे २३० करतो, मग अडॅप्टर त्या २३० चे पुन्हा चोवीस करतो. साताऱ्याहून कराडला जायचं आणि आधी पुण्याला जाऊन यायचं, असा हा प्रवास. वाटेत पाव हिस्सा वीज गरम होऊन जाते, आणि इन्व्हर्टर स्वतःच्या पोटाला खातो ते वेगळं. त्यातून स्वस्तातल्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर काही मशीनचे अडॅप्टर कुरकुरतात. त्यापेक्षा मशीन बनवणाऱ्यांचाच डीसी कन्व्हर्टर घ्यावा, बाराचे थेट चोवीस. काही मशीन बारा व्होल्टवरच चालतात. त्यांना नुसती योग्य वायर पुरते. मशीनच्या बुडावर काय छापलंय ते आधी वाचावं. दुकानदाराचं “चालतंय की” हा व्होल्टेजचा आकडा नव्हे.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट, २० एएच (अँपिअर-तास). गुणाकार केला की २५६ वॅट-तास. वजन तीन किलोच्या आत-बाहेर. तळापर्यंत खरवडायची नाही आणि कन्व्हर्टरचा हिस्सा सोडायचा, तर हाती दोनशे उरतात. म्हणजे तीन रात्री. याउलट कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते १२ व्होल्ट ७ एएचची शिशाची बॅटरी. कागदावर ८४, पण अर्ध्याच्या खाली नेली की ती रुसते. शिवाय यूपीएस लाईट गेल्यावर दर काही सेकंदांनी ओरडतो, आणि जंगलात लाईट गेलेलीच असते.

गाडीच्या सॉकेटमधून घेणारेही असतात. बऱ्याच गाड्यांत किल्ली काढली की सॉकेट मरतो. मग लोक किल्ली अर्धी फिरवून ठेवतात. पाणी तापवणं बंद असेल तर रात्रीत सात-आठ एएच जातात, आणि धडधाकट बॅटरी तेवढं सोसते. चालू असेल तर पहाटे गाडी नुसती ‘टक्’ म्हणते, आणि तुमच्या गाढ झोपेची किंमत सहा जण धक्का मारून फेडतात. शिवाय सॉकेटमधली पिन सैल असते. कुणी कूस बदलली की ती निसटते, आणि मशीन गप्प.

बॅटरीच्या लाल टोकापासून वीतभर अंतरावर दहा अँपिअरचा फ्यूज हवाच. वायर गणपतीच्या माळेची नको. बारीक आणि लांब वायरीत व्होल्टेज वाटेतच गळतं, मशीनला अकराच्या खाली मिळतं आणि ते मध्यरात्री बंद पडतं. बॅटरी भरलेली, मशीन बंद, आणि शिव्या बिचाऱ्या बॅटरीला. ही सगळी जोडणी आधी घरी, स्वतःच्या पलंगावर, एक अख्खी रात्र चालवून बघावी. पहाटे दोनला फसलीच, तर भिंतीतला प्लग हाताशी असतो.

सोलर पॅनेलबद्दल लोक फार हळवे असतात. कासचं पठार फुलतं सप्टेंबरात, तेव्हा सूर्य ढगांच्या रजेवर असतो. पठारावर तंबू लावता येत नाही, तो खाली खोऱ्यात लागतो, आणि तिथे डोंगर सकाळ उशिरा देतात आणि संध्याकाळ लवकर आणतात. डिसेंबरच्या उघड्या आभाळाखाली १०० वॅटचं पॅनेल दिवसाला अडीच-तीनशे वॅट-तास देतं खरं, पण झाडाची सावली कोपऱ्यावर पडली तरी उत्पन्न एकदम कोसळतं. दिवसभर पॅनेल घेऊन सूर्यामागे फिरायचं असेल तर वासोट्याला कधी जाणार?

मशीन जमिनीवर ठेवू नये. लाल माती फिल्टरमध्ये जाते. पांघरुणावरही नको, मागची हवा कोंडते. उलटा ठेवलेला डबा उत्तम, फक्त त्यात कंदी पेढे नसावेत, कारण मुंग्यांना नळी हा हमरस्ता वाटतो. शेकोटी वाऱ्याच्या खालच्या अंगाला हवी. मशीन आजूबाजूची हवा ओढतं, धूर असेल तर धूरही, तोही दाबाने. तंबूत शेगडी तर कधीच नको, मशीन असो वा नसो.

परतीच्या आधी बॅटरी भरायची तर टपरीवर एखादा प्लग मिळतो. पाच अँपिअरच्या चार्जरला चार-साडेचार तास लागतात, तेवढ्यात चहाचे तीन राउंड होतात. धोका वेगळाच असतो. नेमकी गावातली लाईट जाते आणि मालक वायर घेऊन येतो, “दादा, तुमच्याकडं बॅटरी हाय न्हवं? येवढा मोबाइल लावा की.” एक फोन पंधरा-वीस वॅट-तास पितो. त्याच्यामागून मेव्हणा येतो, त्याच्यामागून मेव्हण्याची दोन पोरं. चार फोन म्हणजे माझी एक अख्खी रात्र. म्हणून बॅटरी घेताना वजन बघा, एएच बघा, आणि तिला यूएसबीचं भोक नाही ना, याची आधी खात्री करून घ्या.