‘नुसता बॉयलर तर पेटवला’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नौदल दिनापासून कोल्हापुरातल्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. म्हणे, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या फ्रँकलिन या विमानवाहू जहाजावरच्या लेफ्टनंट डोनाल्ड गॅरीला उगाच डोक्यावर घेतलंय. तो लढलाच नाही, माणसं नशिबानं वाचली, बॉयलर पेटवणं हे मिस्त्रीकाम, आणि जहाज तर दुसऱ्यांनीच ओढून नेलं.

लढला नाही? १९ मार्च १९४५ ला जपानपासून सुमारे ८० किलोमीटरवर फ्रँकलिनवर दोन बॉम्ब पडले. डेकवर इंधन भरलेली, बॉम्ब लावलेली विमानं उभी होती. मग जहाजाचाच दारूगोळा फुटत सुटला. ८०० च्या आसपास माणसं गेली. त्या आगीत गॅरी विझवणाऱ्या तुकड्या घेऊन पुन्हा पुन्हा शिरला. हे लढणं नव्हे तर काय?

नशिबाचं म्हणाल तर ते धादांत खोटं. खालच्या मेसमध्ये सुमारे ३०० जण धुरात कोंडले होते. ‘वाट काढतो’ असा धीर देऊन गॅरी अंधारात चाचपडत निघाला आणि वाट सापडल्यावर त्यांच्यासाठी मागं फिरला. एकदा नव्हे, तीनदा. शेवटचा माणूस निघेपर्यंत. सुटकेची वाट हाती लागलेला माणूस पुन्हा आत जातो, यात नशीब कुठं आलं?

आणि बॉयलर! साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात तरी हे वाक्य कुणी पुढं पाठवायला नको होतं. हंगामाआधी अग्निप्रदीपन, म्हणजे बॉयलर पेटवण्याचा कार्यक्रम, होतो तेव्हा पंप, झडपा, नळ्या सगळं तपासून ठेवलेलं असतं. काचेतली पाण्याची पातळी बघत बघत वाफ चढवतात, कारण पाणी कमी पडलं की नळ्या गेल्याच. गॅरीपुढं एक आणि दोन नंबरच्या बॉयलर खोल्या निकामी होत्या, जहाज एका अंगाला कललेलं. तो तीन नंबरच्या खोलीत उतरला आणि एका बॉयलरवर वाफ चढवून घेतली. वाफेशिवाय ते धूड शत्रूच्या विमानांच्या टप्प्यात नुसतं तरंगत राहिलं असतं.

पिट्सबर्ग या क्रूझरनं, म्हणजे युद्धनौकेनं ओढलं, हे खरंच. सांता फे क्रूझरनं जळत्या जहाजाला खेटून जखमी उतरवून घेतले, त्यांचंही श्रेय मोठं. पण दुसऱ्याच दिवशी फ्रँकलिन स्वतःच्या इंजिनांवर चालू लागलं आणि २८ एप्रिलला न्यूयॉर्कला पोचलं.

जानेवारी १९४६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी गॅरीला मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी पदक दिलं. त्याच्या मानपत्रात कोंडलेली माणसं, आग आणि तीन नंबरची बॉयलर खोली, तिन्हींची नोंद आहे.