विमा गाडीचा की चालवणाऱ्याचा?

गेल्या महिन्यात माझ्या मोटरसायकलच्या विम्याच्या नूतनीकरणाची नोटीस आली. मागच्या वर्षी मी 168 पौंड भरले होते, यंदा 231 पौंडांची मागणी होती. मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहतो आणि इथे गाडी चालवू लागल्यापासून नऊ वर्षांत माझ्या चुकीने एकही क्लेम झालेला नाही, एकदाही दंड झालेला नाही. त्याच आठवड्यात पुण्याच्या मामेभावाने नातेवाइकांच्या ग्रुपवर एक तक्रार मांडली. चाळीस वर्षे दुचाकी चालवणाऱ्या त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या मामांना, ॲक्टिव्हाच्या थर्ड पार्टी विम्यासाठी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणारा विमा) जितके पैसे पडतात, तितकेच शेजारच्या कालपरवा लायसन्स मिळालेल्या मुलाला पडतात. तुमच्याकडे अनुभवाला किंमत आहे, मग तीच पद्धत आपल्याकडे का आणू नये, असा त्याचा प्रश्न होता.

तक्रारीतला पहिला भाग पूर्णपणे खरा आहे. भारतात थर्ड पार्टी विम्याचे दर केंद्र सरकार विमा नियामकाशी विचारविनिमय करून ठरवते आणि ते ठरवताना दुचाकीच्या इंजिनाची क्षमता तेवढी पाहिली जाते. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 75 ते 150 सीसीच्या गाडीला 714 रुपये आणि 150 ते 350 सीसीच्या गाडीला 1,366 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, आहे, पहिल्या निर्धोक वर्षानंतर 20 टक्के आणि पाच वर्षांनंतर 50 टक्के; पण तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. मामांसारखी माणसे दहा-बारा वर्षे जुन्या गाडीचा फक्त थर्ड पार्टी विमा उतरवतात, त्यामुळे ज्यांनी सर्वाधिक वर्षे गाडी सांभाळून चालवली, नेमक्या त्यांनाच त्या बोनसचा छदामही मिळत नाही. हा अन्याय आहे आणि त्याबद्दल बोलायलाच हवे.

मात्र इथे इंग्लंडमध्ये अनुभव कसा मोजला जातो, हे मी स्वतः अनुभवले आहे. मी आलो तेव्हा पुण्याच्या रस्त्यांवरची माझी वीस वर्षे झाली होती. भारतीय लायसन्सवर इथे बारा महिने गाडी चालवता येते, पण त्याच्या बदल्यात इथले लायसन्स मिळत नाही. म्हणून एकेचाळिसाव्या वर्षी मी शिकाऊ चालकाची एल-प्लेट लावून एक दिवसाचे सक्तीचे प्रशिक्षण घेतले, थिअरीची परीक्षा दिली आणि मग प्रत्यक्ष परीक्षेचे दोन्ही टप्पे पार केले. शेवटच्या टप्प्यात परीक्षक दुसऱ्या मोटरसायकलवरून मागे येत होते आणि कानातल्या यंत्रातून सूचना देत होते. वळण्याआधी आरशात पाहिल्यावरही खांद्यावरून मान वळवून मागे एक नजर टाकावी लागते, तिला इथे ‘लाइफसेव्हर’ म्हणतात. ती नजर आजही माझ्या मानेत मुरलेली आहे आणि त्या शिक्षणाबद्दल मी कृतज्ञ आहे. विम्याच्या अर्जात मात्र पुण्याची वीस वर्षे शून्य धरली गेली, कारण तिथला बोनस माझ्या कंपनीने मानला नाही.

आता नोटिशीकडे येतो. इथला बोनस म्हणजे मूळ रकमेवरची टक्केवारी, आणि ती मूळ रक्कम कंपनी ठरवते. आर्थिक वर्तन प्राधिकरणाने, म्हणजे इथल्या वित्तीय नियामकाने, 1 जानेवारी 2022 पासून जुन्या ग्राहकाकडून नव्या ग्राहकापेक्षा अधिक रक्कम मागण्यास मनाई केली, हे चांगलेच झाले. पण नव्या-जुन्या सर्वांचीच मूळ रक्कम वाढली तर जुन्या ग्राहकाच्या हाती काय उरते? शिवाय पाच वर्षांत घडलेली प्रत्येक घटना, चूक कोणाचीही असो, अर्जात नोंदवावी लागते. दोन वर्षांपूर्वी घरासमोर उभ्या असलेल्या माझ्या गाडीला एका व्हॅनने मागे घेताना धक्का दिला. टाकीला पोचा आला, क्लचची मूठ मोडली, आणि सगळा खर्च व्हॅनवाल्याच्या विम्याने भरला. त्या वेळी मी स्वयंपाकघरात होतो. तरीही ती घटना आता माझ्या नावावर आहे.

आपल्याकडच्या चर्चेत ज्याकडे फारसे लक्ष जात नाही, तो फरक यापेक्षा खोल आहे. इथली पॉलिसी अमुक माणूस अमुक गाडीवर बसेल अशी असते. मित्राला गाडी दिली आणि त्याचे नाव पॉलिसीत नसले, तर तो विम्याविना रस्त्यावर आहे. भारतात थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर चालतो. मामांची ॲक्टिव्हा सकाळी मामी मंडईत नेतात, दुपारी मामेबहीण क्लासला नेते, संध्याकाळी मामा स्वतः काढतात, आणि तिघांनाही त्याच 714 रुपयांचे संरक्षण मिळते. ही सोय लहान नाही. इथली पद्धत जशीच्या तशी नेली, तर एका घरातल्या एका गाडीवर तीन नावे, तीन वये आणि तीन अनुभव मोजले जातील, आणि सर्वांत महाग नाव बहुधा अठरा वर्षांच्या मुलीचे असेल.

दंडाचेही तसेच आहे. 2021 मध्ये विमा नियामकाच्या एका कार्यगटाने वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांकडून जादा हप्ता घ्यावा असे सुचवले होते. इथे कॅमेऱ्याने गाडी पकडली की चालवत कोण होते हे मालकाला कळवावे लागते आणि दंडाचे गुण त्या माणसाच्या लायसन्सवर चढतात. आपल्याकडे ई-चलान गाडीच्या नंबरावर, म्हणजे मालकाच्या नावावर येते. मुलीने सिग्नल तोडला म्हणून मामांचा हप्ता वाढावा, हे मला मान्य नाही.

म्हणून माझे मत असे आहे. गाडीबरोबर चालणारा विमा तसाच राहू द्यावा. ज्याला हवे त्याने आपल्या गाडीवर फक्त स्वतःचे नाव लावावे आणि त्याबदल्यात थर्ड पार्टीतही सवलत घ्यावी. सवलतीचा तक्ता मूळ दरांप्रमाणेच सरकारने जाहीर करावा, कंपनीच्या मर्जीवर सोडू नये. आणि त्याहीआधी विम्याविना फिरणाऱ्या गाड्या कमी व्हायला हव्यात. भारतात निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना फिरतात. इथे विमा नसलेल्या गाडीने ठोकर दिली, तर 1946 साली स्थापन झालेली मोटर इन्शुरर्स ब्युरो ही संस्था जखमीला भरपाई देते आणि तो पैसा आम्हा विमेदारांच्या हप्त्यातून जातो. माझ्या 231 पौंडांतला तेवढा वाटा मी आनंदाने देतो. उरलेल्या वाढीचे कारण मात्र मी कंपनीला लेखी विचारले आहे.