थकहमी नको म्हणणारा सावकार

काल संध्याकाळी सफाळ्याच्या अलीकडे आमची डहाणू लोकल वीस मिनिटं उभी होती. शेजारून एक मेल गेली, मग मालगाडी, मग आणखी एक मालगाडी. समोरच्या तरुणानं कंटाळून मोबाइल माझ्यापुढे धरला. इंडोनेशियातल्या जकार्ताच्या बुलेट ट्रेनचा व्हिडिओ होता. खिडकीच्या कडेला नाणं उभं ठेवलंय, गाडी ताशी साडेतीनशेनं पळतेय आणि नाणं काही पडत नाही. "काका, चीननं आठ वर्षांत करून दिली. आपल्याकडे जपानच्या मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचे अजून खांबच चाललेत."

त्याला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. रात्री झोप येईना, म्हणून इथे लिहितोय. जरा लांबेल.

माझी नोकरी साखरपट्ट्यातल्या एका सहकारी बँकेत, कर्ज विभागात गेली. आता निवृत्त होऊन मुलाकडे बोईसरला असतो. त्यामुळे गाडीचा वेग वगैरे मला कळत नाही, पण कर्जाची फाइल कळते. आणि त्या नाण्याच्या गाडीची फाइल फार मासलेवाईक आहे.

जकार्ता ते बांडुंग हा १४२ किलोमीटरचा मार्ग खरं तर जपानच्या खिशात असल्यासारखा होता. पाहणी अहवाल त्यांनीच केला होता. २०१५ मध्ये चीन मैदानात उतरला आणि दोन देकार समोरासमोर आले. जपान म्हणाला, व्याज ०.१ टक्का, फेड ४० वर्षांत, पण तुमच्या सरकारची थकहमी हवी, म्हणजे कर्ज थकलं तर सरकारनं भरायचं. चीन म्हणाला, व्याज २ टक्के, पण थकहमी नको आणि सरकारी तिजोरीतला पैसाही नको. दोन्ही देशांच्या कंपन्या मिळून एक कंपनी काढतील, तीच कर्ज घेईल, तीच तिकिटांतून फेडेल. इंडोनेशियानं सप्टेंबरच्या सुरुवातीला दोघांनाही नाही म्हटलं, आणि महिना संपताना चीनला हो म्हटलं. वीसपट व्याज पत्करलं, केवळ थकहमी द्यायला नको म्हणून! जपानचे तेव्हाचे सरकारी प्रवक्ते सुगा (पुढे पंतप्रधान झाले ते) हा निर्णय समजण्यापलीकडचा आहे असं उघड बोलून गेले. जपानी माणूस एवढं बोलला म्हणजे केवढं लागलं असेल बघा.

थकहमी हा शब्द आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत असतो. कारखान्यानं कर्ज घ्यायचं, शासनानं जामीन राहायचं. एका कारखान्याच्या (नाव लिहीत नाही) विस्तारवाढीचं प्रकरण माझ्या टेबलावर होतं. चेअरमन खुर्चीत रेलून म्हणाले, "सरकार जामीन आहे, तुम्ही कागद कसले चाळताय?" पुढे दोन हंगाम उसाविना गेले, हप्ते थकले, आणि ती थकहमी वसूल करायला आम्ही मंत्रालयाच्या किती खेपा घातल्या याचा हिशेब नाही. तेव्हा थकहमी ही काही पवित्र वस्तू आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. तिनं कर्जदार सैलावतो, बँकही सैलावते.

पण आमचे जुने मॅनेजर एक सांगायचे. "जो सावकार जामीनदार नको म्हणतो ना, त्यानं गिऱ्हाइकाचं घर आधीच बघून ठेवलेलं असतं."

आता पुढची पानं. इंडोनेशियाच्या बाजूच्या कंपन्या कोण, तर सरकारीच. संयुक्त कंपनीत त्यांचा वाटा ६० टक्के, चिनी कंपन्यांचा ४०. जमीन मिळायला वेळ लागला, मधे कोविड आला, गाडी २०१९ ऐवजी २०२३ च्या ऑक्टोबरात धावली. खर्च सुमारे १.२ अब्ज डॉलरनी वाढून सव्वासात अब्जांच्या आसपास गेला. मग २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नवा आदेश काढला, की प्रकल्पाला सरकारी तिजोरीतून पैसे देता येतील. वाढीव खर्चासाठी पुन्हा चीनच्याच विकास बँकेच्या दारात जावं लागलं. तेव्हा व्याज ३.४ टक्के ठरलं, आणि त्यांनी मागितलं काय? सरकारची हमी! २०२३ मध्ये इंडोनेशियाच्या अर्थ मंत्रालयानं त्यासाठी नियमही केला.

म्हणजे ज्या एका शब्दासाठी ०.१ टक्का सोडला, तो शब्द आठ वर्षांनी मागच्या दारानं घरात आलाच. फरक एवढाच, की २०१५ मध्ये दोन सावकार दारात उभे होते आणि घासाघीस करता येत होती. २०२३ मध्ये पूल बांधून झालेले, रूळ पडलेले, आणि सावकार एकच.

याला लगेच "चिनी सापळा" म्हणून मोकळं होऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं प्रकरण त्या एका शब्दात बसवतात, आणि मला ते आळशीपणाचं वाटतं. चीननं इथे काही बळकावलेलं नाही. गाडी उत्तम चालते, लोक बसतात. अंदाजाइतके बसत नाहीत, एवढंच. बसणार तरी कसे, बांडुंग शहरात जायचं तर पादालारांगला उतरून दुसरी गाडी धरावी लागते. तिकीट रुपियात, हप्ता डॉलर आणि युआनमध्ये. हे सगळं पहिल्या दिवशी कागदावर दिसत होतं. माझ्या हाताखालच्या नव्या पोरानंही शेऱ्यात लिहिलं असतं.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, तिथले नवे अर्थमंत्री पुर्बाया म्हणाले की हे हप्ते तिजोरीतून भरणार नाही. काही आठवड्यांत राष्ट्राध्यक्ष प्राबोवोंनी जाहीर केलं की जबाबदारी माझी, काळजी करू नका. मधल्यामधे तिथली सरकारी रेल्वे कंपनी घुसमटतेय. ती मोठी भागीदार असल्यानं तोटा तिच्या पुस्तकात येतो, आणि माझ्यासारख्या माणसाच्या साध्या गाड्याही तीच चालवते.

आता आपल्याकडे येऊ. सप्टेंबर २०१५ मध्ये जपानच्या हातून इंडोनेशिया गेला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे दिल्लीत येऊन मुंबई–अहमदाबादचा करार करून गेले. व्याज ०.१ टक्का, फेड ५० वर्षांत, पहिली १५ वर्षं हप्ता नाही, १ लाख ८ हजार कोटींच्या मूळ मंजूर खर्चातला ८१ टक्के भाग कर्जातून. इतकी सैल अट कुठल्या बँकेच्या काउंटरवर मिळत नाही. ती मिळाली कारण समोरचा नुकताच हरून आला होता. भूमिपूजनाच्या भाषणात पंतप्रधानांनी हे जवळपास फुकटच म्हटलं होतं, आणि व्याजापुरतं ते खोटंही नाही. थकहमीचा तर प्रश्नच नव्हता, कारण कर्जदार खुद्द भारत सरकार. तिजोरी पहिल्या पानावरच बांधलेली. निदान सगळ्यांना दिसेल अशी.

येन महागला तर आपण बुडू, असं तेव्हा आम्ही बँकवाले हिरीरीनं म्हणायचो. मीही म्हणायचो. तेव्हा एक येन ५५ पैशांच्या आसपास होता, आणि दहा वर्षांनीही तिथेच घुटमळतोय. चूक कबूल. फेड सुरू झाल्यावर काय होईल ते माझा नातू बघेल.

पण फुकट गायीचे दात नाही तरी पाय मोजावेत. स्वस्त कर्जासोबत गाडी जपानची घ्यायची हे ठरलेलंच होतं. त्या गाड्यांचं घोंगडं इतकी वर्षं भिजत पडलं, की शेवटी २०२४ मध्ये आपल्याच बीईएमएल या सरकारी कंपनीला ताशी २८० किलोमीटरच्या दोन गाड्या बनवायला सांगितल्या. सुरत–बिलिमोरा हा पहिला तुकडा आता ऑगस्ट २०२७ ला सुरू होणार म्हणतात. बाकी उशीर मात्र जपानच्या माथी मारता येत नाही. पालघरच्या जमिनी, ग्रामसभांचे ठराव, मोबदल्याची भांडणं, तिवरांचे कोर्टकज्जे, हे सगळं आपलं. ज्याची वाडी जाते त्याला व्याजदर ०.१ आहे की १० आहे यानं काय फरक पडतो?

या बड्यांच्या चढाओढीत मला गंमत वाटते ती लिलावासारख्या बोलींची. चीनच्या पुढाकारानं एआयआयबी (आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँक) ही बँक निघाली १०० अब्ज डॉलर भांडवलाची. २०१५ च्या मे महिन्यात आबेंनी "दर्जेदार पायाभूत सुविधां"साठी जाहीर केले ११० अब्ज. बरोब्बर दहा जास्त! पुढे युरोपनं ३०० अब्ज युरो म्हटलं, श्रीमंत देशांच्या जी-सेव्हन गटानं २०२२ मध्ये ६०० अब्ज डॉलर म्हटलं. यातला मोठा हिस्सा खासगी गुंतवणूकदार आणतील अशी आशा आहे. आशेवर कर्जमंजुरी आम्ही तरी देत नव्हतो.

आणि आता त्या तरुणाला जे सांगायचं राहिलं ते. आपण ज्या लोकलमध्ये अडकलो होतो, त्या विरार–डहाणूच्या तिसऱ्या-चौथ्या लाइनचं कर्ज कोणाचं आहे? मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात ते काम येतं, आणि त्या टप्प्याला ५० कोटी डॉलर दिले त्याच एआयआयबीनं. मुख्यालय बीजिंग, सर्वांत मोठा भागधारक चीन, दुसरा भारत. करारावर सह्या झाल्या ऑगस्ट २०२० मध्ये. गलवान जूनमध्ये झालं होतं. टीव्हीवर चिनी मोबाइल फोडत होते आणि इकडे कागद शांतपणे पुढे सरकत होता. मला त्यात काहीही गैर वाटत नाही, उलट शहाणपणाची वाटलेली ही एकच सही. एकाच पालघर जिल्ह्यात एका रुळाला टोकियोचा पैसा, दुसऱ्याला बीजिंगच्या बँकेचा.

फक्त त्या दुसऱ्या रुळासाठी कुणी पंतप्रधान विमानानं आला नाही, आरती झाली नाही, नाणं उभं करून व्हिडिओ निघाला नाही. दोन देश भांडावेत असं त्यात काही नाहीच ना. खडी, स्लीपर, पूल, सिग्नल. सकाळी विरारच्या पुढे दारात लटकणारी माणसं.

वैतरणा ते सफाळे या पट्ट्यात काम कुठवर आलंय हे खिडकीतून मला नीट कळत नाही. भराव दिसतो, पुलाचे खांब दिसतात, मग मध्येच नुसतं गवत. मित्रयादीत रेल्वेच्या बांधकामातलं कुणी असेल तर खाली लिहा, चौथी लाइन नेमकी कधी?